वाढीव उतारा कोणाच्या पदरात?

केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात कापसाची उत्पादकता वाढविण्यासाठी पाच वर्षांचे अभियान जाहीर झाले. त्यात अतिरिक्त लांब धाग्याच्या वाणांना उत्तेजन देण्याचे वचन आहे. सेनगाव-औंढ्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याने यावर हुरळून जावे, अशी दिल्लीकरांची अपेक्षा असेल. परंतु वाढीव उताऱ्याची आश्वासने हिंगोलीने पूर्वीही ऐकली आहेत.

निजामी अमदानीत या पट्ट्यात गावराणी कापूस पिकत असे. पावसाने ओढ दिली तरी तग धरणारा, आणि मुख्य म्हणजे ज्याची सरकी घरची, असा तो कापूस. १९७० मध्ये सुरतच्या केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी ‘संकर-४’ निर्माण केला आणि जगात प्रथमच संकरित कापूस व्यापारी प्रमाणावर शेतात आला. उतारा वाढला, हे नाकारण्यात अर्थ नाही. मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या नांदेड केंद्राचे ‘एनएचएच-४४’ तर १९८० च्या दशकापासून कोरडवाहू शेतकऱ्याचे हक्काचे वाण ठरले. मात्र संकरिताच्या पुढल्या पिढीत गुण फुटतात. म्हणून बी दरसाल विकत घ्यावे लागते. बी सार्वजनिक संस्थेचे होते तोवर ही अट सोसण्याजोगी होती.

२००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि त्या अटीचे खरे मोल कळले. मोन्सँटोचे जनुक भारतात जवळजवळ केवळ संकरितांतच घातले गेले. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात तेच जनुक सरळ वाणांत आहे. तेथे बी जपण्याआड कायदा येतो, येथे झाडाची घडणच कंपनीची पहारेकरी झाली. साडेचारशे ग्रॅमची पिशवी सोळाशे रुपयांच्या घरात गेली. २००६ मध्ये आंध्र सरकारने मक्तेदारी आयोगाकडे धाव घेतली, तेव्हा कोठे ती साडेसातशेवर आली. म्हणजे किंमत तंत्रज्ञानाची नव्हती, अगतिकतेची होती.

सार्वजनिक संशोधनाने उत्तर देण्याचा प्रयत्न केला. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे ‘बिकानेरी नरमा’ हे बीटीयुक्त सरळ वाण २००८ मध्ये मान्य झाले. पण त्यात मोन्सँटोचेच जनुक आढळल्याने ते मागे घेण्याची पाळी आली. ही नामुष्की सार्वजनिक क्षेत्राच्या पुरस्कर्त्यांनी तरी दडवू नये. ‘एनएचएच-४४’चे बीटी रूप महाबीजच्या सहकार्याने येईपर्यंत दीड दशकाहून अधिक काळ लोटला होता आणि गुलाबी बोंडअळी बीटीला सरावली होती. २०१७ च्या हंगामात राज्यातील कपाशी तिने पोखरली. दीर्घ मुदतीची संकरिते उशिरापर्यंत उभी राहतात, अळीला शेवटपर्यंत अन्न पुरवतात. २०१३-१४ मध्ये देशाचे रुईचे उत्पादन हेक्टरी साडेपाचशे किलोंवर होते. पुढे ते साडेचारशेच्या आसपास घसरले. बियाणे, खते व फवारणीचा खर्च मात्र घसरला नाही.

आता अतिरिक्त लांब धागा! त्याला पाणी हवे, आणि ज्या रानात पाऊस हाच पाटकरी, तेथे ते कोण देणार? १९९९ पर्यंत हिंगोली ज्या जिल्ह्याचा भाग होती, त्या परभणीच्या महेबूब बाग केंद्राने ‘पीए-२५५’सारखी लांब धाग्याची देशी सरळ वाणे कधीच सिद्ध केली आहेत. त्यांचे बी शेतकऱ्याला पुन्हा पेरता येते. बहुधा हाच त्यांचा अपराध. अभियानाच्या निधीतून या वाणांच्या बीजोत्पादनासाठी किती रक्कम ठेवली आहे, हे खरीप आढावा बैठकीत पालकमंत्र्यांना आकड्यासह विचारले पाहिजे, आणि उत्तर गावोगाव वाचून दाखविले पाहिजे.