टाकी पिवळी कशी झाली?

आमच्या सोसायटीच्या ‘गच्चीवरची बाग’ या ग्रुपवर सध्या जे रंग दिसतात, ते निसर्गात नाहीत. श्रावण लागला की जास्वंद भरभरून फुलते, इथवर ठीक आहे. पण परवा सातव्या मजल्यावरून आलेली जास्वंद अग्निशामक दलाच्या गाडीसारखी लाल होती आणि मागची पानं इतकी हिरवीगार, की चारचौघांनी लगेच विचारलं, ‘खत कुठलं?’ खत कुठलं असणार! मोबाइलमधली सॅच्युरेशनची पट्टी पार उजव्या टोकाला नेऊन ठेवलेली. माझी जास्वंद त्यांच्याच झाडाची फांदी लावून आलेली आहे. ती मी आहे तशी पाठवली, तर तिला दोन अंगठे मिळाले. त्यातला एक आमच्या ह्यांचा.

यंत्रांशी माझं कसं जमतं हे या सदराच्या जुन्या वाचकांना सांगायला नको. वॉशिंग मशिनवर लिहिलं होतं तेव्हा ढीगभर पत्रं आली, त्यातली निम्मी मशिनची बाजू घेणारी होती. तरीही ईर्ष्या ही मोठी शक्ती आहे. मी भाच्याला फोन लावला. ‘मावशी, विकत काही घेऊ नकोस,’ एवढं आधी बजावून त्यानं यादी सांगितली. ती इथे एका दमात देऊन टाकते, म्हणजे मला पुढे बोलायला मोकळी जागा राहील. मोबाइलवर स्नॅपसीड, ते फुकट आणि सोपं. कॉम्प्युटरवर गिंप, तेही फुकट. ते बर्कलेच्या विद्यापीठातल्या स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये लिहायला घेतलं आणि पुढे जगभरच्या हौशी मंडळींनी वाढवलं, त्याची ३.० ही आवृत्ती २०२५ च्या मार्चमध्ये आली. काही उतरवून घ्यायचंच नसेल, तर ब्राउझरमध्येच चालणारं फोटोपी. मोठा कॅमेरा असेल आणि त्यातल्या कच्च्या, म्हणजे रॉ फाइल्स हाताळायच्या असतील, तर डार्कटेबल किंवा रॉथेरपी. आणि ज्यांना पिकासा आठवतं, त्यांनी आता विसरावं. गूगलनं ते २०१६ मध्ये बंद केलं. गिंप घेताना मात्र त्यांच्या स्वतःच्या गिंप डॉट ऑर्ग या साइटवरूनच घ्यावं. ‘डाउनलोड’ असं लिहिलेली मोठमोठी हिरवी बटणं इंटरनेटवर पुष्कळ असतात. ती दाबली की गिंप सोडून बाकी सगळं येऊ शकतं.

मी गिंप घेतलं. फुकट आहे म्हणून कमी असेल, असं वाटलं होतं. उघडल्यावर समोर एवढी चिन्हं आली, की आमचे हे चष्मा पुसून म्हणाले, ‘विमान चालवायचंय का?’ भाचा फोनवर होता. त्यानं सांगितलं, यातल्या नव्वद टक्के गोष्टींकडे ढुंकूनही बघायचं नाही. बागेच्या फोटोला लागतं ते एवढंच. आधी क्रॉप, म्हणजे कुंडीमागची बादली, पायपुसणी आणि शेजारच्यांचे वाळत घातलेले लेंगे बाहेर जातात. मग लेव्हल्स, त्यात उजेड-अंधार नीट होतो. आणि चुकलंच तर कंट्रोल झेड. संसारात एवढीच एक सोय करायची राहून गेली, असं मी म्हणाले. त्यावर ह्यांनी पेपर वर धरला.

पण गिंपचं एक वागणं मला अजून पटलेलं नाही. फोटो छान कापून-छाटून झाला, मी ‘सेव्ह’ दाबलं आणि ग्रुपवर टाकला. लगेच उत्तरं सुरू. ‘उघडत नाही.’ ‘व्हायरस आहे का?’ ‘ताई, फूल कुठाय?’ गिंपमध्ये सेव्ह केलं की एक्ससीएफ नावाची त्याची स्वतःची फाइल तयार होते. ती गिंपला कळते, सोसायटीतल्या एकाही मोबाइलला कळत नाही. सगळ्यांना उघडेल असा जेपीजी हवा असेल, तर ‘एक्स्पोर्ट’ म्हणायचं. २०१२ मध्ये २.८ आवृत्ती आली तेव्हापासून त्यांनी हे असं वेगळं केलं आहे. भाच्याच्या मते हे शहाणपणाचं आहे: एक्ससीएफमध्ये तुम्ही केलेलं काम थरांसकट जपलेलं राहतं, उलट जेपीजी दर वेळी सेव्ह करताना थोडा थोडा खराब होत जातो. असेल. पण सेव्ह म्हटल्यावर सेव्ह व्हावं, एवढी माझ्या पिढीची माफक अपेक्षा आहे.

त्या लालभडक जास्वंदीचं कोडंही या निमित्तानं सुटलं. फोटोतला प्रत्येक ठिपका लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांचा असतो आणि आपल्या नेहमीच्या फोटोत प्रत्येक आकडा ० ते २५५ या हद्दीत फिरतो. भर उन्हात लाल जास्वंदीचा फोटो काढला की लाल आकडा सगळीकडे २५५ ला जाऊन टेकतो. मग पाकळीवरच्या शिरा, चुण्या, कडेची नाजूक मुरड, सगळं एका लाल थराखाली गाडलं जातं. वर सॅच्युरेशन वाढवलं की उरलंसुरलंही जातं. सातव्या मजल्यावर नेमकं हेच झालं होतं. यावर उपाय सॉफ्टवेअरमध्ये फारसा नाही, तो फोटो काढतानाच करायचा. सकाळी, ढगाळ हवेत काढा. मोबाइलवर फुलाला बोट लावा आणि बाजूला जो छोटा सूर्य उगवतो, तो थोडा खाली ओढा. फोटो जरा काळपट आला तर घाबरू नका. काळपटाचा उजळ करता येतो, जळलेल्याचा काहीच करता येत नाही.

हे सगळं मी ग्रुपवर नीट, मुद्देसूद लिहून टाकलं. त्याला एकही अंगठा आला नाही. ह्यांचासुद्धा.

आता या आठवड्याचं मुख्य प्रकरण. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं गच्चीत ड्रममध्ये लावलेलं लिंबाचं झाड आहे. गेल्या सोमवारी त्यांनी त्याचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘पानं पिवळी पडत आहेत, उपाय सुचवा.’ पानं पिवळी म्हणजे सोन्यासारखी पिवळी. ग्रुपला असा प्रश्न मिळाला की त्या दिवशी सोसायटीत कोणाच्या घरी वेळेवर जेवण होत नाही. लोह कमी पडतंय, गंजके खिळे पुरा. छे, खिळ्यांनी काही होत नाही, फेरस सल्फेट द्या. एप्सम सॉल्ट द्या. ताक ओता. ताक कढीपत्त्याला ओततात हो, लिंबाला नाही. आमच्याकडे दोन्हींना ओततात. पाणी जास्त होतंय. पाणी कमी होतंय. एकानं वास्तूतली दिशा विचारली.

यातलं थोडं खरं असतं, पण ते पान कुठलं आणि त्यावर पिवळेपणा कुठे आहे, यावर अवलंबून असतं. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, तर लोहाची कमतरता. खालची जुनी पानं सरसकट पिवळी, तर बहुधा नत्र कमी. जुन्या पानांत शिरांमधला भाग पिवळा होत गेला, तर मॅग्नेशियम. त्या फोटोत नवं-जुनं, शीर-बीर काही कळत नव्हतं. झाड आपादमस्तक पिवळं. मी फोटो मोठा करून बघितला, तर झाडामागची पाण्याची टाकीही पिवळी. आमची टाकी पांढरी आहे. मे महिन्यात सगळ्यांकडून वर्गणी काढून रंगवली आहे आणि त्या वर्गणीवरून झालेली भांडणं अजून ताजी आहेत, त्यामुळे तिचा रंग कोणीही विसरलेलं नाही.

लेव्हल्समध्ये एक ड्रॉपर असतो. फोटोतली जी वस्तू खरोखर पांढरी आहे तिच्यावर तो टेकवला, की तो पांढरं म्हणजे काय ते समजून घेतो आणि बाकीचे रंग त्या हिशेबानं सरळ करतो. मी ड्रॉपर टाकीवर टेकवला. टाकी पांढरी झाली आणि लिंबाचं झाड हिरवंगार! पानं पिवळी पडलीच नव्हती. काकूंच्या नातवानं फोटोला ‘जरा गोल्डन’ म्हणून एक फिल्टर लावला होता.

मी तडक काकूंकडे गेले. म्हटलं, पानं पिवळी नाहीत. त्या म्हणाल्या, ‘अगं, पण झाड रोड होतंय, पानं कमी होतायत, म्हणून तर विचारलं. पिवळी दिसली फोटोत, म्हणून पिवळी लिहिलं.’ मग नातू पुढे आला. पोरगा हुशार आहे, त्यानं आपण होऊन माहिती पुरवली. फोटोत पानांवर चिमण्यांची घाण दिसत होती, तीही त्यानं स्नॅपसीडच्या हीलिंगनं पुसून टाकली होती. त्यात बोट फिरवलं की डाग जातो आणि आजूबाजूचं पान तिथे भरलं जातं. (गिंपमध्ये हेच करायला आधी कंट्रोल धरून चांगलं पान दाखवावं लागतं आणि मग डागावर घासावं लागतं. मला ती पद्धत आवडली. आधी चांगलं काय ते ठरवा, मग दुसऱ्याला घासा.) आणि आजी पाहुण्यांना दाखवणार म्हणून त्यानं त्याच फाइलवर सेव्ह केलं. मूळ फोटो गेला.

आम्ही गच्चीत गेलो. पानांवर चिमण्यांची घाण होती खरी. फक्त ती चालत होती.

लिंबावरच्या फुलपाखराच्या अळ्या लहानपणी हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात, काळपट-तपकिरी आणि मध्ये पांढरा पट्टा. पक्षी आपलीच घाण कशाला खाईल, या भरवशावर त्या जगतात. मोठ्या झाल्या की कात टाकून पानासारख्या हिरव्या होतात, म्हणजे तेव्हाही दिसत नाहीत. बोट लावलं तर डोक्यामागून दोन टोकांचं तांबूस-नारिंगी शिंग बाहेर काढतात आणि त्याला एक उग्र दर्प येतो. नातवानं ते शिंग बघितलं आणि त्या दिवसापासून तो मोबाइल घरी ठेवून गच्चीत जायला लागला आहे. ड्रममधल्या एवढ्याशा झाडाचा फडशा पाडायला अशा पाच-सहा अळ्या पुष्कळ होतात. ज्या फोटोवरून निदान व्हायचं, त्यातून नेमका रोगच खोडून टाकलेला. डॉक्टरकडे जाताना कोणी जिभेला रंग लावून जातं का?

मी हे ग्रुपवर कळवलं आणि ग्रुप दुभंगला. निम्मे म्हणाले, निंबोळी अर्क फवारा. निम्मे म्हणाले, फुलपाखरं आहेत ती, खबरदार. फवारणीवाल्यांचं पारडं जड होत होतं. मग मी हुकमाचं पान टाकलं. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये ब्लू मॉरमॉन, म्हणजे राणी पाकोळी, हे राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. आणि राणी पाकोळीच्या अळ्याही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतात. काकूंच्या ड्रममधल्या अळ्या तिच्याच आहेत असा माझा दावा नाही. पिवळे ठिपकेवाल्या साध्या लिंबू फुलपाखराच्या असण्याची शक्यता जास्त. पण ‘राज्य’ हा शब्द उच्चारला की आमचे निवृत्त कार्यकारी अभियंता असलेले ॲडमिन उठून उभे राहतात. फवारणी स्थगित झाली. लेखी.

ग्रुपवर आता दोन नियम आहेत. फूल मिरवायचं असेल तर फोटोला काय हवं ते करा. झाडाबद्दल विचारायचं असेल तर फोटोला हात लावायचा नाही, तो उजेडात काढायचा, मागे काहीतरी पांढरं ठेवायचं (टाकी चालेल), आणि एक फोटो नव्या पानांचा, एक जुन्या पानांचा, एक पानाच्या पाठीचा टाकायचा. व्हॉट्सॲप नेहमीच्या पद्धतीनं पाठवलेला फोटो दाबून लहान करतं आणि बारीक किडे त्यातच नाहीसे होतात, म्हणून तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडायचा. सातव्या मजल्यानं याला तत्त्वतः मान्यता दिली आणि लगेच एक निळी जास्वंद टाकली. निळी! मी गिंप उघडलंही नाही.

राहता राहिल्या अळ्या. काकूंच्या झाडाला आता फारशी पानं उरलेली नाहीत आणि अळ्यांची भूक वाढतेच आहे. कोथरूड किंवा कर्वेनगर भागात कोणाकडे लिंबाचं किंवा कढीपत्त्याचं मोठं झाड असेल आणि चार पाहुणे सांभाळायची तयारी असेल, तर लवकर कळवा. झाडाचा फोटो पाठवा, पण मूळ. डॉक्युमेंट म्हणून.