काटकसर कोणी करावी?

‘काटकसर’ हा शब्द उच्चारताच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे पोटाला चिमटा घेऊन पैसा साठविणाऱ्या मनुष्याचे चित्र उभे राहते. वास्तविक हे चित्र काटकसरीचे नव्हे, कंजूषपणाचे आहे. कंजूष मनुष्य गरजेच्या वेळीही पैसा हातचा सोडीत नाही. काटकसरी मनुष्य गरजेच्या वेळी पैसा हाताशी असावा, म्हणून एरवी तो वाया जाऊ देत नाही. पहिल्याला पैसा प्रिय असतो, दुसऱ्याला पैशाचा सदुपयोग.

घरातील पैसा मोठ्या खर्चांत जातो हे सर्वांना दिसते. लहान लहान गळतींतून तो जातो, ते मात्र सहसा दिसत नाही. नळातून दर सेकंदाला एक थेंब पडत असेल, तर दिवसाकाठी ८६,४०० थेंब पडतात. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तरी रोज चार लिटरांहून अधिक पाणी वाया जाते. जुन्या पद्धतीचा ६० वॅटचा तारेचा दिवा रोज ५ तास जळला, तर ३० दिवसांत ९ युनिट वीज खर्च होते. जवळजवळ तितकाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी दिवा तेवढ्याच वेळात दीड युनिटही घेत नाही. थेंबे थेंबे तळे साचते हे खरे. पण थेंबे थेंबेच ते रितेही होते!

ही दृष्टी महाराष्ट्रातील घरांना नवी नाही. रात्री भिजत घातलेली कडधान्ये सकाळी थोड्या इंधनात शिजतात. भांड्यावर झाकण ठेवले, म्हणजे उष्णता फुकट जात नाही. शिळ्या पोळीचा कुस्करा होतो, उरलेल्या भाताला फोडणी मिळते. उन्हाळ्यात धान्य स्वस्त असताना ते घेऊन, कडक उन्हात वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून वर्षाची बेगमी केली जाते. जुन्या लुगड्यांची गोधडी होते आणि ती अनेक थंड्या काढते. ही सारी विद्या बहुधा घरातील स्त्रियांनीच सांभाळली आणि तिच्यामागचे कष्टही त्यांनीच उपसले.

येथेच एक प्रश्न उभा राहतो. काटकसर ही घरातील एकाच व्यक्तीची जबाबदारी आहे काय? अनेक घरांत सर्वांची जेवणे आटोपल्यावर उरेल ते गृहिणी खाते, दुखणे अंगावर काढते आणि स्वतःसाठी नवे वस्त्र घेणे पुढे ढकलते. पैसा कमी पडला, की मुलीचे शिक्षण थांबते. तंबाखूचा आणि मानपानाचा खर्च मात्र तसाच चालू राहतो. याला काटकसर म्हणणे म्हणजे अन्यायाला चांगले नाव देणे होय. शिवाय अशी बचत खोटीच ठरते. अंगावर काढलेले दुखणे बळावले, की वाचविलेल्या पैशाच्या कितीतरी पट पैसा औषधोपचारांत जातो. अंथरूण पाहून पाय पसरावे हे योग्यच आहे. परंतु एकाने पाय आखडून घ्यावेत आणि दुसऱ्याने ते खुशाल पसरावेत, असा त्या म्हणीचा अर्थ नाही. खर्चाला कात्री लावताना आधी चैन पाहावी, मग नुसत्या सवयी पाहाव्या. आणि हा नियम घरातील सर्वांना सारखाच असावा.

काटकसरीचे खरे फळ म्हणजे कर्जापासून मुक्तता. दरमहा शेकडा तीन रुपये व्याज ऐकायला थोडे वाटते. पण वर्षाचे ते शेकडा छत्तीस होते. लग्नकार्यातील हौसेसाठी १०,००० रुपये अशा व्याजाने काढले, तर वर्षाला ३,६०० रुपये नुसत्या व्याजाचे जातात आणि मुद्दल जागच्या जागी राहते. कर्ज माणसाला किती जेरीस आणते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे आणि नंतर इतर गावांत शेतकऱ्यांनी सावकारांकडील कर्जरोखे हिसकावून जाळले. ते शेतकरी उधळे होते असे नव्हे. भारी शेतसारा आणि कापसाचे कोसळलेले भाव यांनी ते गांजले होते. म्हणून ज्याच्या घरी मुळातच पुरेसे येत नाही, त्याला काटकसरीचा कोरडा उपदेश करणे निष्ठूरपणाचे आहे. काटकसर गळती थांबविते. उत्पन्नाची जागा ती घेऊ शकत नाही.

वाचविलेला पैसा डब्यात पडून राहण्यापेक्षा सुरक्षित ठिकाणी ठेवावा. भारतात टपाल खात्याची बचत बँक १८८२ सालापासून आहे. अलीकडच्या काळात गावोगावच्या स्त्रियांनी बचत गट चालविले आहेत. दरमहा ठरावीक रक्कम जमा करावयाची आणि अडलेल्या सभासदाला त्यातून कर्ज द्यावयाचे, अशी त्यांची रीत. १९९२ साली नाबार्डने असे गट बँकांशी जोडण्याचा उपक्रम सुरू केला, तेव्हापासून त्यांना बँकेचे कर्जही मिळू लागले. या गटांचे मोठे महत्त्व असे, की कष्टाने पैसा वाचविणाऱ्या स्त्रीची शिल्लक तिच्या स्वतःच्या नावावर जमा होऊ लागली.

घराचा जमाखर्च एका वहीत लिहावा आणि महिन्यातून एकदा तो सर्वांसमक्ष वाचावा. मुलांनाही त्या वेळी जवळ बसवावे. तेल, वीज, भाजी यांना किती पैसे पडतात हे ज्या मुलाला ठाऊक असते, तो ताटात अन्न टाकीत नाही आणि दिवा जळता ठेवून खोलीबाहेर जात नाही. एकाने सोसलेली काटकसर त्या एकालाच झिजविते. सर्वांनी समजून केलेली काटकसर घराला उभे ठेविते.