फिरत्या घराची वाढीव हमी

भिलाई पोलाद कारखान्याला लागणारी चुनखडी ज्या खाणीतून निघते, तिच्या आधाराने नंदिनी नगरची वसाहत उभी राहिली. कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली, आणि त्या उभारणीच्या काळापासून विदर्भातील अनेक मराठी कुटुंबे भिलाई परिसरात स्थिरावली. त्यांची पुढची पिढीही आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहे. मुले पुण्याला वा बंगळुरूला, नातेवाईक नागपूर-अमरावतीला, आणि हाती ग्रॅच्युइटीची व भविष्यनिर्वाह निधीची रक्कम. अशा एखाद्या घरात मोटरहोम, म्हणजे झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेले फिरते घर, घेण्याची कल्पना निघाली तर नवल नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून हा शब्द मराठी कानांना पुरेसा परिचित झाला आहे. नवी गाडी आवाक्याबाहेरची असते. सबब फोर्स ट्रॅव्हलर किंवा टाटा विंगर यांसारख्या व्हॅनवर बांधलेली, चार-सहा वर्षे वापरलेली गाडी शोधली जाते.

व्यवहार ठरत आला की विक्रेता आणखी एक कागद पुढे करतो. तो म्हणजे वाढीव हमी, व्यवहारातली ‘एक्स्टेंडेड वॉरंटी’. आयुष्याची पुंजी खर्ची पडत असताना आणखी थोड्या पैशांत निश्चिंती मिळते आहे, असा विचार ग्राहकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तथापि वापरलेल्या मोटरहोमच्या बाबतीत ही निश्चिंती बहुधा कागदावरच राहते.

याचे कारण गाडीच्या घडणीतच आहे. मोटरहोम म्हणजे एका नोंदणी क्रमांकाखाली नांदणाऱ्या दोन वस्तू. इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन ही झाली गाडी; फ्रीज, पाण्याची टाकी, पंप, इन्व्हर्टर, जादा बॅटऱ्या आणि वातानुकूलन यंत्र हे झाले घर. हमी सामान्यतः पहिल्या वस्तूची असते, तर कुरकूर बहुतेक दुसरीची. दुर्ग जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४ अंशांवर गेला की ताण पडतो तो वातानुकूलन यंत्रावर आणि बॅटऱ्यांवर, आणि नेमके तेच कराराच्या अपवादांत गेलेले असतात. त्यातही घर बसवताना मूळ विद्युत जोडणीत फेरफार झालेला असतो. ‘कंपनीबाह्य बदल’ या दोन शब्दांवर मग गाडीच्या विद्युत भागांचा दावाही नाकारला जाऊ शकतो. क्लच प्लेट, ब्रेक, पट्टे, रबरी नळ्या हे झिजणारे भाग तर बहुतेक करारांत नसतातच.

दुसरा प्रश्न अंतराचा. अशा करारांत दुरुस्ती अधिकृत कार्यशाळेतच, आणि तीही पूर्वमंजुरी घेऊन करावयाची असते. आधी मंजुरी, मग पाना! चित्रकोटचा धबधबा पाहण्यासाठी निघालेली गाडी केशकाळच्या घाटात बंद पडली तर जवळच्या मिस्त्रीने नट सैल करताच हमी धोक्यात येते. गाडी रायपूरला किंवा जगदलपूरला ओढून नेण्याचा खर्च आणि मधल्या दोन रात्रींचा मुक्काम यांची भरपाई हमीत क्वचितच असते. रस्त्यावरील साहाय्य ही वेगळी सेवा असून मोटार विम्याला जोडून ती घेता येते.

आता हिशेब. समजा, दोन वर्षांच्या हमीसाठी ६०,००० रुपये मागितले. त्यावर १८ टक्के जीएसटी धरता रक्कम ७०,८०० होते. पुष्कळदा ‘कर्जातच मिळवू’ असे सुचवले जाते, आणि ग्राहकाला ते सोयीचे वाटते. १२ टक्के दराने पाच वर्षांच्या कर्जात ही रक्कम मिळवली, तर दरमहा सुमारे १,५७५ रुपयांप्रमाणे एकूण ९४,५०० रुपये फेडावे लागतात. हमी दुसऱ्या वर्षाअखेर संपते. तिचा हप्ता मात्र पुढेही तीन वर्षे चालू राहतो. कर्ज देणाऱ्या बँकेचे यात नुकसान नाही. म्हणूनच बँकेच्या पत्रिकेत हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

याउलट तीच ७०,८०० रुपयांची रक्कम मुदत ठेवीत ठेवली आणि साडेसहा टक्के व्याज धरले, तर दोन वर्षांनी ती ८०,००० च्या पुढे जाते. मध्येच पंप बिघडला तर ठेवीचा काही भाग मोडता येतो. तो पंप गाडीचा की घराचा, हे बँक विचारत नाही. येथे आवर्ती ठेवीचे उदाहरण दिले जाते, पण ते फसवे आहे. तिसऱ्याच महिन्यात गिअरबॉक्स गेला तर आवर्ती ठेवीत तीनच हप्ते जमलेले असतात. हमीचे पैसे एकरकमी जातात, म्हणून तुलनाही एकरकमी ठेवीशीच व्हावी.

हमी घेणे सर्वस्वी चूक, असे मात्र म्हणता येणार नाही. सर्व पुंजी गाडीतच गेली असेल आणि इंजिनाचा एक मोठा खर्चही घराला झेपणारा नसेल, तर उत्पादकाच्या स्वतःच्या योजनेतील हमी विचारात घ्यावी. अट एकच: झालेले बदल मान्य असल्याचे त्यांनी लेखी द्यावे. तोंडी आश्वासन देणारा विक्रेता प्रतिनिधी पुढच्या वर्षी दुसऱ्या गावी बदलून गेलेला असतो. सध्याच्या मालकाकडे हमी शिल्लक असेल तर ती नव्या मालकाच्या नावे होते का, हेही तपासावे.

यापेक्षा खरेदीपूर्व तपासणीवर चार-पाच हजार रुपये अधिक सत्कारणी लागतात. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी थंड इंजिन सुरू करून पाहावे. टायरवरील चार आकडे वाचावेत. ३२१९ म्हणजे २०१९ च्या बत्तिसाव्या आठवड्यातील टायर. छताच्या सांध्यांत पाणी मुरले आहे का, हे हाताने दाबून पाहावे. मोटरहोम म्हणून झालेला बदल नोंदणी प्रमाणपत्रावर चढलेला नसेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा प्रश्न उभा राहतो, आणि विम्याचा दावाही अडू शकतो. गाडी महाराष्ट्रातून आणली असल्यास ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन बारा महिन्यांनंतर छत्तीसगडचा क्रमांक घ्यावा लागतो.

एवढे करूनही कोणी हमी घेतली आणि दावा अन्याय्य रीतीने नाकारला गेला, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते. विक्रेता पुण्याचा असला तरी नंदिनी नगरच्या ग्राहकाला दुर्गच्या जिल्हा आयोगाकडे जाता येते. मुदत दोन वर्षांची आहे. त्यासाठी कराराची मूळ प्रत, सर्व्हिसिंगच्या पावत्या आणि मंजुरीसाठी केलेला लेखी पत्रव्यवहार एका फाइलमध्ये ठेवलेला असावा. ती फाइल गाडीत न ठेवता घरच्या कपाटात ठेवावी.