'ओपन' ही कुणाची जात नाही

'ओपन' या इंग्रजी विशेषणाचा अर्थ शाळकरी पोरालाही ठाऊक आहे: उघडे, खुले, कुणालाही मज्जाव नसलेले. पण आपल्या महाराष्ट्रात या विशेषणाची चक्क जात करून टाकली आहे. "ते ओपनवाले आहेत", "ही सीट ओपनची आहे" असे सर्रास बोलले जाते. आपली मुलेही तसेच बोलतात. ऐकणारा समजतो की ओपन म्हणजे सवर्ण आणि ओपनची जागा म्हणजे सवर्णांसाठी राखीव जागा.

आम्ही विचारतो, हे संविधानात कुठे लिहिले आहे? अनुच्छेद १६(४) मागासवर्गांसाठी जागा राखून ठेवण्याची मुभा देतो. उरलेल्या जागा कुणाच्या नावावर करून देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात स्पष्ट केले की, स्वतःच्या गुणांवर खुल्या स्पर्धेत निवडला गेलेला मागासवर्गीय उमेदवार राखीव कोट्यात मोजायचा नाही. तरीही उत्तर प्रदेशच्या पोलीस भरतीत, खुल्या जागांवर निवडलेल्या महिलांपेक्षा जास्त गुण असलेल्या ओबीसी महिलांना त्या जागा नाकारल्या गेल्या. २०२० मध्ये सौरव यादव प्रकरणात न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की खुला प्रवर्ग सर्वांसाठी खुला आहे, आणि प्रत्येक वर्गाला आपापल्या कप्प्यात कोंडणे म्हणजे जातीय आरक्षण होय.

शब्द खुला आणि दार बंद, हा अनुभव आपल्याला नवा नाही. बोले यांच्या ठरावाने १९२३ साली मुंबई इलाख्यातील सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पण पाण्याला हात लावण्याची सोय नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला.

म्हणून आपल्या विद्यार्थ्यांना आमचे सांगणे आहे. गुणवत्ता यादी लागली की आधी खुल्या प्रवर्गाचा कटऑफ पाहा. वयाची वा गुणांची सवलत न घेता तुमचे गुण त्याहून जास्त असतील, तर ती जागा मागा. तुमच्यामुळे वाचलेली राखीव जागा आपल्याच दुसऱ्या लेकराला मिळेल. आणि "मी ओपनचा नाही" हे वाक्य यापुढे उच्चारू नका. ओपनमध्ये आपणही आहोत.

जय भीम!