मेसोथेलिओमा : औषधांइतकीच कामाच्या इतिहासाची नोंदही निर्णायक

आलमबाग (लखनौ) : उत्तर रेल्वेचा डबे व वाघिणी दुरुस्तीचा कारखाना आणि जवळचा चारबाग लोकोमोटिव्ह कारखाना यांमुळे आलमबाग परिसरात रेल्वे कामगारांच्या अनेक पिढ्या नांदल्या. वाफेच्या इंजिनांचे बॉयलर व नळ गुंडाळण्यासाठी जगभरातील रेल्वे कारखान्यांत ॲस्बेस्टॉस वापरले जाई. त्याचे तंतू श्वासावाटे शरीरात गेल्यानंतर मेसोथेलिओमा हा फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग साधारण २० ते ५० वर्षांनी प्रकट होतो. भारतातील ब्रॉडगेजवरची वाफेची इंजिने १९९०च्या दशकात निवृत्त झाली. त्या काळात ऐन उमेदीत असलेले कामगार आज नेमके याच टप्प्यावर आहेत. त्यामुळे या रोगात रुग्ण किती काळ जगतो आणि ते कशावर ठरते, हा प्रश्न अशा वस्त्यांसाठी केवळ वैद्यकीय कुतूहलाचा राहत नाही.

रोगनिदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण साधारण दहांत एक इतकेच आहे. या आकड्यामागे मात्र मोठी तफावत दडलेली असते. सर्वांत महत्त्वाचा घटक म्हणजे पेशींचा प्रकार. एपिथेलिऑइड प्रकाराचे रुग्ण तुलनेने अधिक जगतात, सार्कोमॅटॉइड प्रकारात हा काळ सर्वांत कमी असतो, तर मिश्र प्रकार या दोहोंच्या मध्ये येतो. रोगाचा टप्पा, वय, रुग्णाची शारीरिक क्षमता, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी व प्लेटलेट्स यांचे प्रमाण हेही निर्णायक ठरते. स्त्रियांमध्ये परिणाम तुलनेने बरे दिसतात.

उपचारांनी किती फरक पडला?

२००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सिस्प्लॅटिनला पेमेट्रेक्सेडची जोड दिल्यावर निम्मे रुग्ण १२.१ महिन्यांहून अधिक जगले. केवळ सिस्प्लॅटिन घेणाऱ्यांत हा काळ ९.३ महिने होता. २०२१च्या एका मोठ्या चाचणीत निवोलुमॅब व इपिलिमुमॅब या इम्युनोथेरपीने तो १८.१ महिन्यांवर नेला. केमोथेरपीच्या गटात तो १४.१ महिने राहिला. एपिथेलिऑइड नसलेल्या, म्हणजे अधिक घातक प्रकारांत हा फरक सर्वाधिक होता : १८.१ विरुद्ध ८.८ महिने. उलट, २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत केमोथेरपीसोबत मोठी शस्त्रक्रिया झालेल्यांचा काळ १९.३ महिने, तर केवळ केमोथेरपी घेणाऱ्यांचा २४.८ महिने आढळला. अधिक उपचार म्हणजे अधिक आयुष्य, हे समीकरण येथे लागू पडत नाही.

निदानाची वाट चुकते

या उपचारांचा लाभ घेण्यासाठी रुग्णाच्या अंगात पुरेशी ताकद उरलेली असावी लागते, आणि इथेच भारतातील अडचण सुरू होते. छातीत पाणी झालेल्या रुग्णात प्रथम क्षयरोगाचा संशय येणे आपल्याकडे स्वाभाविक आहे. काढलेल्या पाण्याच्या तपासणीत मेसोथेलिओमा अनेकदा सापडत नाही. त्यासाठी आवरणाचा तुकडा काढून त्याची विशेष तपासणी करावी लागते. क्षयरोगाच्या औषधांवर काही महिने गेले, की रुग्ण खंगतो. लवकर निदानाने हा रोग बरा होतो असे नाही; पण उशिरा झालेले निदान उपचारांचे पर्याय हिरावून घेते. ‘तुम्ही कुठे आणि काय काम करीत होता?’ हा प्रश्न म्हणूनच तपासणीचा भाग ठरतो.

त्याचे उत्तर कागदावर असणे अधिक महत्त्वाचे. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी ॲस्बेस्टॉस उद्योगांना कामगारांच्या आरोग्यनोंदी नोकरीच्या प्रारंभापासून ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर जपण्याचा आदेश दिला. परंतु १९७५मध्ये कामाला लागून पाच वर्षांत नोकरी सोडलेल्या कामगाराची नोंद या हिशेबाने २०१५पर्यंतच राहते; रोग मात्र २०२५मध्येही डोके वर काढू शकतो. शिवाय आदेशाचा रोख ॲस्बेस्टॉस उद्योगांवर होता. हा माल केवळ हाताळणाऱ्या दुरुस्ती कारखान्यांतील कामगार त्यात सहज बसत नाहीत.

निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांना रेल्वेची आरोग्य योजना उपलब्ध आहे. त्यांची सेवापुस्तिका आणि रुग्णालयातील नोंद परस्परांशी जोडणे ही खर्चाची नव्हे, इच्छाशक्तीची बाब आहे. कंत्राटी कामगार आणि तंतूंनी माखलेले कपडे घरी धुणाऱ्या स्त्रिया यांची मात्र कोणतीच नोंद नसते. ऑक्टोबर २०२४पासून ७० वर्षांवरील सर्वांना आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांचे संरक्षण मिळाले; इम्युनोथेरपीचा दीर्घ खर्च पाहता ते अपुरे पडण्याचीच शक्यता अधिक.

भारतात आजही क्रायसोटाइल ॲस्बेस्टॉस मोठ्या प्रमाणावर आयात होते. लखनौमध्येच १९६५पासून विषविज्ञानाची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे आणि मोठी सरकारी वैद्यकीय केंद्रेही आहेत. पेशींचा प्रकार कोणाच्याच हाती नाही. रुग्ण डॉक्टरपर्यंत किती लवकर आणि कोणती माहिती घेऊन पोहोचतो, हे मात्र व्यवस्थेच्या हाती आहे.