तुमच्या शब्दावर कुणीतरी निघणार आहे

गडकिल्ले, घाटवाटा फिरून आलात की चार लोकांना सांगावंसं वाटतंच. जरूर सांगा, लिहा. फक्त एक ध्यानात ठेवा. तुमचं वाचून कुणीतरी पाठीवर सॅक टाकून निघणार आहे. त्याच्यासोबत लहान मूल असेल, गुडघे दुखणारी आई असेल.

म्हणून ‘सोपा ट्रेक’ एवढंच लिहून मोकळे होऊ नका. हरिश्चंद्रगडाचंच बघा. पाचनईकडून घरची मंडळी घेऊनही लोक जातात. खिरेश्वरहून तोलार खिंडीची वाट लांबची, मध्ये कातळाचा टप्पा. आणि नळीची वाट म्हणजे सरावलेल्यांचंच काम. गड एकच! तुम्ही वाटेचं नाव गाळलंत, तर वाचणारा भलत्याच गावी उतरेल. उन्हं कलताना तो कातळावर अडकलेला असेल आणि बाटली रिकामी.

कधी गेलात ते सगळ्यात आधी लिहा. महिना, वर्ष, कितीला निघालात, कितीला खाली आलात. हरिहर गडाच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या हिवाळ्यात वेगळ्या आणि श्रावणात निसरड्या झाल्यावर वेगळ्या. ऑक्टोबरात भरलेलं टाकं एप्रिलात तळ गाठतं. ‘वर पाणी मिळतं’ हे वाक्य महिना सांगितल्याशिवाय लिहूच नये.

धबधब्यांबद्दल लिहिताना तर फार जपा. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात उभं असलेलं एक कुटुंब अचानक आलेल्या लोंढ्यात सापडलं. पाच जण दगावले, त्यांत लेकरं होती. वर डोंगरात पाऊस झाला की खाली उघडीप असतानाही पाणी चढतं. प्रवाहात उभं राहून काढलेला तुमचा फोटो छान आला असेल, पण तो घरीच राहू द्या. तो बघून लोक नेमके त्याच दगडावर जाऊन उभे राहतात.

ऐकीव माहिती ऐकीव म्हणूनच लिहा. एसटीची वेळ दिलीत, तर डेपोत विचारून घ्या असंही सांगा. कुठे फुकट राहायला मिळालं असेल, तर ते लपवू नका. गावात कुणाकडे जेवलात, तर त्यांना विचारल्याशिवाय त्यांचा नंबर छापू नका.

दर वर्षी पावसाळ्याआधी जुनं लिखाण पुन्हा वाचा. वाट ढासळली, वनखात्याने बंदी घातली, तर ते पहिल्याच ओळीत टाका. कुणी चूक दाखवली तर आभार माना आणि त्याच दिवशी दुरुस्त करा.

आणि ‘माझ्या बाबांना जमेल का हो?’ असं कुणी विचारलं, तर पटकन ‘हो’ म्हणू नका. ते रोज किती चालतात, जिना चढताना दम लागतो का, हे आधी विचारा. तरीही खात्री वाटत नसेल, तर तसं स्पष्ट सांगा. डॉक्टरांना विचारायला सांगा. आणि जायचं ठरलंच, तर पायथ्याच्या गावातला वाटाड्या सोबत घ्यायला सांगा.