लाईट गेली, करंट राहिला

आमचे विषय उर्दू आणि मराठी. विजेशी आमचा संबंध महिन्याचे बिल भरण्यापुरता. तरीही या वेळचे पान विजेवर लिहायला बसलो आहोत, कारण जूनच्या पहिल्या आठवड्यात आमची आपा थोडक्यात वाचली.

आपाचे घर चिपळूणजवळ, महामार्गाला लागून आहे. भाच्याने गेल्या वर्षी एक जुनी ट्रेलर-केबिन विकत घेतली. पत्र्याची, चार टायरांची, जीपच्या मागे जोडून ओढून नेता येते अशी. ती अंगणात रस्त्याकडे तोंड करून उभी केली, आत डीप फ्रीझर, मिक्सर, विजेची शेगडी आणि चार दिवे बसवले आणि कबाब-पावाचा धंदा सुरू केला. वीज घरातूनच घेतली. घराच्या बोर्डापासून केबिनपर्यंत वीसएक मीटर अंतर. एका वायरमनने अर्ध्या दिवसात वायर ओढून दिली, पैसे घेतले आणि गेला. रमजानमध्ये तरावीहनंतर इतकी गर्दी व्हायची की सूनही मदतीला उभी राहायची.

पहिला पाऊस झाला त्या संध्याकाळी केबिनमधले दिवे अचानक गेले. घरात मात्र उजेड होता. भाचा बाजारात गेलेला. आपा नळावर भांडी धूत होती. काय झाले ते पाहावे म्हणून ती तशीच ओल्या पायांनी गेली आणि केबिनच्या दाराची कडी धरली. पुढचे तिला नीट आठवत नाही. सून सांगते, अम्मी मागे फेकल्या गेल्या. फेकली गेली म्हणूनच वाचली. दवाखान्यात ईसीजी ठीक निघाला, अल्हम्दुलिल्लाह, पण उजवा हात चार दिवस दगडासारखा जड होता.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत नव्हेच. केबिनमध्ये दिवा नाही, फ्रीझर बंद, घरातला एमसीबी जागच्या जागी, पडलेला नाही. तरी पत्र्यात करंट. भाच्याचे एकच पालुपद, “मामू, लाईट गेली होती, मग शॉक कसा बसेल?”

उत्तर दिले शेजारच्या एका चाचांनी. त्यांची सारी नोकरी वीजखात्यात गेली, आता निवृत्त आहेत. त्यांनी आधी घरातला मेन स्विच पाडायला लावला, मगच केबिनमध्ये पाऊल टाकले. एक बोर्ड उघडला आणि आम्हांला बोट दाखवून म्हणाले, “मास्तर, इथे बघा.” घरापासून आलेली वायर दोन तारांची होती, फेज आणि न्यूट्रल. तिसरी, हिरवी तार मुळात आणलीच नव्हती. पण केबिनमधले सॉकेट तर तीन भोकांचे. मग त्या तिसऱ्या, जाड भोकाच्या पिनेला वायरमनने तारेचा एक छोटासा तुकडा लावून ती न्यूट्रललाच जोडली होती. पत्र्याची बॉडीही त्यालाच. आपल्याकडे हा तुकडा किती बोर्डांत दडलेला असेल ते अल्लाहलाच ठाऊक.

सगळे ठीक चालते तोवर या तुकड्याने काही बिघडत नाही, आणि तीच त्याची लबाडी. आपाच्या अंगणात मधेच वायरला काळ्या टेपचा एक जॉइंट होता. पावसाचे पाणी त्यात शिरले आणि न्यूट्रल तुटली. फेज शाबूत राहिली. फेजची वीज फ्रीझरपर्यंत पोहोचली, त्याच्या आतून पलीकडे न्यूट्रलच्या पट्टीवर आली, आणि पुढे परतीची वाट बंद म्हणून तिथेच थांबली. दिवे गेले ते त्यामुळे. पण न्यूट्रलची पट्टी त्या तुकड्यामार्फत पत्र्याला जोडलेली. म्हणजे दार, कडी, छत, सगळी केबिन २३० व्होल्टवर टांगलेली. खाली रबरी टायर, टेकूला लाकडाच्या फळ्या, त्यामुळे ती वीज जमिनीतही उतरेना. वाट पाहत राहिली. ओल्या पायांनी आपा आली आणि तिला वाट मिळाली.

टायर रबराचे आहेत, करंट लागणार नाही, असे भाचा वर्षभर सांगत असे. टायर केबिनला जमिनीपासून वेगळे ठेवतात, जमिनीवर उभे राहून केबिनला हात लावणाऱ्या माणसाला नव्हे. विटांच्या घराची भिंत सहसा करंट धरत नाही. पत्र्याच्या केबिनला तर सगळी भिंतच तार.

दुसऱ्या दिवशी तोच वायरमन आला. त्याने निमूटपणे केबिनच्या बाजूला चार फुटी लोखंडी सळई ठोकली, तिला एक तार बांधून पत्र्याला जोडली आणि म्हणाला, “झालं अर्थिंग.” भाच्याचा जीव भांड्यात पडला. आमचाही पडला असता, पण चाचांनी नुसती मान हलवली.

इथे आमच्यातला भाषेचा मास्तर जागा झाला. सगळा घोटाळा ‘अर्थिंग’ या एका शब्दात आहे. जमिनीत ठोकलेली सळई तीही अर्थिंग आणि यंत्राच्या पत्र्यापासून बोर्डापर्यंत जाणारी हिरवी तार तीही अर्थिंग. पुस्तकी मराठीत भूसंपर्क म्हटले तरी मन जमिनीकडेच धावते. अमेरिकेतले वीजवाले यासाठी दोन शब्द वापरतात, जमिनीशी जोडणे ते ग्राउंडिंग आणि धातूचे भाग एकमेकांशी, मूळ बोर्डाशी जोडणे ते बाँडिंग. आपल्याकडे एकच शब्द, म्हणून एक काम केले की दुसरेही झाले असे वाटते.

सळई का पुरत नाही? आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी हजेरीपटाच्या मागच्या कोऱ्या कागदावर मांडून दाखवले. ओहमचा नियम, मुलांना शिकवतो तोच. जमिनीत शिरताना सळईला अडथळा होतो. समजा तो ४६ ओहम आहे. आपल्या जांभ्या दगडात, उन्हाळ्यात माती वाळली की तो याहून कितीतरी जास्तही असतो. उद्या फ्रीझरमधली फेज सुटून पत्र्याला चिकटली, तर २३० भागिले ४६, म्हणजे फक्त ५ अँपिअर करंट सळईतून जमिनीत जाईल. एमसीबी १६ अँपिअरचा. ५ अँपिअरला तो का म्हणून पडेल? एक शेगडी पेटली असेल असे समजून तो स्वस्थ बसणार. आणि पत्रा? तो जवळजवळ तेवढ्याच २३० व्होल्टवर, तासन् तास, सळई ठोकलेली असूनही.

माणसाचे गणित मात्र अँपिअरचे नाही, मिलीअँपिअरचे. दहाएक मिलीअँपिअरला मूठ आवळली जाते आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. तीसच्या पुढे काही क्षण जरी गेले तरी हृदयावर बेतते. १६ अँपिअर म्हणजे सोळा हजार मिलीअँपिअर. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, आपाला वाचवावे म्हणून नाही, हे आम्हांला पंचेचाळिसाव्या वर्षी कळले.

चाचांनी परवाना असलेला दुसरा वायरमन बोलावला आणि स्वतः खुर्ची टाकून बसले. जुनी वायर काढून तीन तारांची अखंड केबल टाकली, मधे एकही जॉइंट नाही. तिची हिरवी तार घराच्या मुख्य बोर्डावर, जिथे घराचे अर्थिंग येते, तिथे पक्की केली आणि दुसरे टोक केबिनच्या पत्र्याला, रंग खरवडून, नट-बोल्टने आवळले. रंगावर तार बांधली तर ती शोभेचीच. मग घराच्या बोर्डात, केबिनच्या लाईनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवला. हे यंत्र फेजने गेलेला करंट आणि न्यूट्रलने परत आलेला करंट यांचा सतत हिशेब ठेवते. हिशेबात तीस मिलीअँपिअरची तूट आली, म्हणजे करंट कुठून तरी, कुणाच्या तरी अंगातून, भलतीकडे जातो आहे असे समजून डोळ्याचे पाते लवते न लवते तोच वीज तोडते.

भाच्याने विचारले, “मग आरसीसीबी असताना हिरवी तार कशाला?” प्रश्न चांगला होता. हिरवी तार नसेल तर तूट पडायला कुणीतरी पत्र्याला हात लावावा लागतो. तार असेल तर फ्रीझर बिघडला त्याच क्षणी तूट पडते आणि हात लागायच्या आधीच वीज जाते. शिवाय गावाकडच्या घरांचे अर्थिंग बहुधा घराच्या स्वतःच्या खड्ड्याचेच असते, त्याच्या एकट्याच्या जिवावर एमसीबी पडेलच याचा भरवसा नाही. म्हणून दोन्ही हवे.

आणि मग फजिती झाली. मेन चालू करून केबिनमधला मिक्सर लावला, आरसीसीबी पडला. पुन्हा वर केला, पुन्हा पडला. सुनेने म्हटले, “हे तर रोजचंच होऊन बसेल, काढून टाका.” असेच कितीतरी घरांतून तो काढला गेला असेल. चाचा उठले, एकेक सॉकेट उघडत गेले. चौथ्या सॉकेटमध्ये तो तारेचा तुकडा तसाच होता! न्यूट्रलचा काही करंट हिरव्या तारेने परत येत होता, हिशेब जुळत नव्हता आणि यंत्र खरे तेच सांगत होते. तुकडा काढला. त्यानंतर गेल्या दोन महिन्यांत ते एकदाच पडले, शेगडीची तार खराब झाली तेव्हा.

आरसीसीबीवर ‘टेस्ट’ लिहिलेले एक बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबायचे. वीज गेली पाहिजे. मात्र त्याने फक्त त्या यंत्राची परीक्षा होते, हिरव्या तारेची नाही. केबिन कधी लग्नाला, कधी उरुसाला ओढून नेली आणि परत आणली की हिरव्या तारेचा बोल्ट तपासायचा, आणि दुसऱ्या ठिकाणी वीज घेताना तिथल्या बोर्डावर खरोखर अर्थिंग येते का हे आधी पाहायचे, असे चाचांनी भाच्याकडून वदवून घेतले आहे. आमच्या शाळेच्या आनंदमेळ्यात पत्र्याचे स्टॉल लागतात, त्यांच्या वायरी आम्ही या वर्षी पहिल्यांदाच वाकून पाहिल्या. सहांपैकी चार दोन तारांच्या निघाल्या. ते स्टॉल बॅटरीच्या दिव्यांवर चालले. मुले कुरकुरली, मुख्याध्यापकही थोडे कुरकुरले.

सळई अजून तिथेच आहे. चाचा म्हणाले, राहू दे, हिरव्या तारेच्या जोडीला ती काही वाईट नाही. केबल मात्र सध्या बांबूवरून लटकते आहे. पाऊस उघडला की चर खणून पाइपातून न्यायची आहे, पण अंगणात दोन फुटांखाली जांभा लागतो आणि खणायला माणूस मिळत नाही. आपा आता केबिनकडे जाते ती चपला घालून, पदराला हात कोरडे करून, आणि कडीला आधी उलट्या हाताचे बोट लावून. आता त्याची गरज नाही, असे आम्ही तिला तीनदा समजावले. ती ऐकत नाही.